काकोरी : कट आणि कबाबही

लखनौच्या पश्चिमेला सुमारे 15 किमी. जिल्हा लखनौच.

■ 9 ऑगस्ट 1925 : सहारनपूर-लखनौ पॅसेंजर क्रांतिकारकांनी काकोरीजवळ साखळी ओढून थांबवली. लुटला तो सरकारी खजिना. गोळी लागून एक प्रवासी दगावला. खटला चालून डिसेंबर 1927 मध्ये चौघांना फाशी (कंसात फाशीचे ठिकाण) : राजेंद्रनाथ लाहिरी (गोंडा), रामप्रसाद बिस्मिल (गोरखपूर), अशफाकउल्ला खान (फैजाबाद), रोशन सिंह (अलाहाबाद).

■ मराठी मुलुखाशी नाते : याच खटल्यात 10 वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे.

■ दशहरी आंबा : मूळ झाड काकोरीजवळच्या दशहरी गावात. बाजारात नाव मात्र शेजारच्या मलिहाबादचे!

■ काकोरी कबाब : बारीक वाटलेल्या मटणाचा, शिगेवर भाजलेला.

■ 2021 : उत्तर प्रदेश सरकारने ‘काकोरी कट’ऐवजी ‘काकोरी ट्रेन अ‍ॅक्शन’ हे नाव स्वीकारले.