खाटेपाशीचे बोलणे

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर येऊन बसली आहे, अशी कल्पना करावी. परिचारिका विचारते, "काय होते आहे?" मुलगी आईकडे पाहते आणि आई सांगते, "पोटात दुखते हिच्या." किती दिवस दुखते, जेवण जाते का, पाळी वेळेवर येते का, या पुढच्या प्रश्नांची उत्तरेही आईच देते. कागद भरला जातो, रांग पुढे सरकते. मुलीच्या तोंडून मात्र एक अक्षरही बाहेर पडलेले नसते.

पोटदुखी खरीही असेल. पण या वयात हा शब्द पुष्कळदा पडद्यासारखा पुढे धरलेला असतो. त्याच्या आड परीक्षेची धास्ती असेल, शाळेच्या वाटेवर कुणी देत असलेला त्रास असेल, किंवा ज्याला नाव घेऊ नये असे शिकवले गेले आहे असा एखादा शारीरिक विकार असेल. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. हे मौन प्रौढपणी अचानक येत नाही. ते कुमारवयातच अंगवळणी पडते.

मौनाला भाषेचीही एक बाजू आहे. मराठी घरात पाळीला 'कावळा शिवला' म्हणत, 'अडचण आहे' म्हणत. श्वेतप्रदराला 'अंगावरून जाणे' म्हणतात. परिचारिकेच्या पाठ्यपुस्तकात यांतले काहीच नसते. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिका कितीतरी वर्षे निष्ठेने सेवा करीत आल्या आहेत. त्यांना हे शब्द वॉर्डात काम करता करता उचलावे लागतात. उलट इंदूर किंवा हैदराबादच्या मराठी कुटुंबातली मुलगी 'अंगावरून जाते' याचे शब्दशः हिंदी करून सांगू लागली, तर ऐकणारीला त्याचा काहीच बोध होणार नाही. तेव्हा रोग्याशी बोलणे म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. ते एक कौशल्य आहे, आणि ते शिकवता येते की नाही हा गेल्या सत्तर वर्षांतील परिचर्याशास्त्राच्या संशोधनाचा एक मोठा प्रश्न आहे.

मुळात परिचारिका बोलत का नाहीत? याचे एक मार्मिक उत्तर इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक विदुषींनी १९६० साली प्रसिद्ध केले. लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात त्यांनी पाहणी केली, तेव्हा तेथील विद्यार्थिनींपैकी जवळजवळ एकतृतीयांश शिक्षण पुरे न करताच निघून जात होत्या. रुग्णाचा उल्लेख त्याच्या नावाने न होता 'दहाव्या खाटेवरचे यकृत' अशा तऱ्हेने होई. एकीने सर्वांचे तापमान घ्यावे, दुसरीने सर्वांचे अंग पुसावे, अशी कामाची वाटणी असे. मेंझीस यांच्या मते ही व्यवस्था केवळ कामाच्या सोयीसाठी नव्हती. वेदना आणि मृत्यू रोज जवळून पाहण्याने मनात जी भीती दाटते, तिच्यापासून बचाव करण्यासाठी संस्थेनेच उभारलेली ती भिंत होती. भिंतीने भीती मात्र कमी होत नव्हती. अबोल परिचारिकेला कठोर ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठात आयडा जीन ऑर्लँडो या परिचारिका-अध्यापिका वेगळ्या दिशेने शोध घेत होत्या. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील सुमारे दोन हजार प्रसंगांची त्यांनी नोंद केली. कोणत्या प्रसंगी रुग्णाला बरे वाटले आणि कोणत्या प्रसंगी वाटले नाही, हे त्यांनी ताडून पाहिले आणि १९६१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळलेली गोष्ट ऐकायला साधी आहे. परिचारिकेने रुग्णाच्या वागण्यावरून मनाशी बांधलेला तर्क पुष्कळदा चुकतो. तो तर्क रुग्णापुढे मांडून 'असेच आहे ना?' असे विचारले, तरच उपाय लागू पडतो. समजा, एखादा मुलगा इंजेक्शन घ्यायला नाही म्हणतो. परिचारिका त्याला हट्टी समजते आणि दरडावते. तिने "तुला सुईची भीती वाटते आहे असे मला वाटते, खरे का?" असे विचारले, तर कदाचित तो सांगेल की शेजारच्या खाटेवरचा माणूस काल इंजेक्शन घेतल्यावर दगावला. भीती आहेच, पण ती सुईची नाही.

बोलण्याचा परिणाम मोजता येतो का, ही शंका वैद्यकातील माणसाच्या मनात येणारच. १९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तो मोजून दाखविला. पोटावर शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञाने आधी व नंतर भेटून सांगितले की वेदना कोठे होईल, ती का होते, स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे. उरलेल्यांना हे सांगितले नाही. ज्यांना सांगितले होते त्यांना वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मेच लागले. शस्त्रवैद्यांना कोण कोणत्या गटात आहे याची कल्पना नव्हती. तरीही त्यांनी या रुग्णांना सरासरी २.७ दिवस लवकर घरी धाडले. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये जॅक हेवर्ड यांनी परिचर्येच्या क्षेत्रात अशाच प्रकारचा पुरावा पुढे आणला.

हे झाले प्रौढांचे. कुमारवयीन रुग्णाला माहिती हवी असतेच. पण त्याहून आधी 'मी सांगितलेले कोठे जाईल?' हे त्याला कळायला हवे असते. कॅलिफोर्नियात कॅरल फोर्ड यांनी केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. तीन शाळांतील ५६२ विद्यार्थ्यांना एका वैद्यकीय भेटीची ध्वनिफीत ऐकविण्यात आली. काही फितींत वैद्य गुप्ततेचा शब्द देतो, काहींत देत नाही, एवढाच फरक. ज्यांनी शब्द ऐकला नव्हता त्यांच्यापैकी ३९ टक्के नाजूक गोष्टी सांगण्यास राजी होते. ज्यांनी ऐकला त्यांच्यापैकी ४६.५ टक्के. पुन्हा येण्याची तयारी ५३ वरून ६७ टक्क्यांवर गेली. एका वाक्याने हे घडले, आणि तेही केवळ कानांनी ऐकलेल्या.

याच प्रयोगातील आणखी एक आकडा अडचणीत टाकणारा आहे. 'काही प्रसंग सोडून' गुप्तता पाळीन, असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या वैद्याकडे परत येण्यास ६२ टक्के तयार होते. कोणतीही अट न घालणाऱ्याकडे ७२ टक्के. म्हणजे खोटे वचन अधिक विश्वास कमावते! भारतातील परिचारिकेला तर हे बिनशर्त वचन देताच येत नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांखालील व्यक्तीवर असा अपराध झाल्याचे जिला समजेल तिने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या एका प्रकरणात थोडी वाट मोकळी केली. मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास वैद्याने पोलिसांना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे. वर्दी मात्र द्यावीच लागते. कायद्याचा हेतू मुलांच्या रक्षणाचा आहे यात शंका नाही; पण त्याच्या धाकाने जी मुलगी रुग्णालयाची पायरीच चढत नाही, तिचे रक्षण कसे व्हावे याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

म्हणून परिचारिकेच्या शिक्षणात हा विषय व्याख्यानापुरता असून भागत नाही. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी-शिक्षण सुरू झाले. संख्येच्या त्या टंचाईत संवादाचा विचार मागे पडला, हे समजण्यासारखे आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत दहा ते एकोणीस वर्षांची मुले-मुली पंचवीस कोटींवर भरली. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील किशोरांच्या दवाखान्यांना 'मैत्री' असे नाव मिळाले. नाव सुरेखच आहे. पण दारावरची पाटी आत कोण कसे बोलते हे ठरवीत नाही. त्याचा सराव करावा लागतो. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सोंग घेतलेला रुग्ण विद्यार्थ्यांपुढे बसविण्याची पद्धत काढली. तिला खर्चिक यंत्रसामग्री लागत नाही. वर्गातल्याच एकीने अबोल मुलगी व्हावे, दुसरीने बोलकी आई, आणि तिसरीने त्या दोघींमधून वाट काढावी.

प्रश्नांचा क्रमही शिकण्यासारखा आहे. गोल्डनरिंग आणि कोहेन या अमेरिकन वैद्यांनी १९८८ साली मांडलेल्या मुलाखतीत आधी घर, मग शाळा, मग खेळ-छंद येतात. व्यसन, शरीरसंबंध आणि जीव नकोसा होणे हे प्रश्न नंतर. शेजारीण ओळख वाढवताना साधारण हाच क्रम पाळते.

तर ती परिचारिका प्रथम आईला म्हणते, "मावशी, तुमचे सगळे ऐकून घेतले. आता पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसा. मी या वयाच्या सगळ्याच मुलींशी वेगळे बोलते." मग मुलीला सांगते की येथले बोलणे ती घरी सांगणार नाही, मात्र कुणी इजा करीत असेल, किंवा स्वतःच्या जिवाचे काही करावेसे वाटत असेल, तर तिला ते पुढे कळवावे लागेल, आणि कळविण्यापूर्वी ती तसे मुलीला सांगेल. आणि मग पोटदुखीचे नावही न काढता विचारते, "घरी कोण कोण असतं तुझ्या?"