ताकद आहे, पण वेळ?

पूर्ण वेगात धावणाऱ्या स्प्रिंटरचा पाय जमिनीवर टिकतो जेमतेम ०.१ सेकंद. स्नायूला पुरता जोर लावायला मात्र ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे जड वजनं उचलून कमावलेली बरीचशी ताकद धावपट्टीवर वापरायलाच मिळत नाही. ती झटक्यात बाहेर काढायला शिकणं, हे स्फोटक ताकदीच्या सरावाचं काम.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की तिहेरी उडीच्या खेळाडूंकडून एक व्यायाम करून घेत. ठोकळ्यावरून खाली यायचं आणि पाय टेकताक्षणी वर उसळायचं. पाय टेकताना मांडी-पोटरीचे स्नायू आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध ताणले जातात. तो ताण विरायच्या आत उडी घेतली, तर त्याचा जोर उडीत उतरतो. क्षणभर रेंगाळलात की गेला. अशा उड्यांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव १९७५ मध्ये अमेरिकी प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी दिलं.

आपल्या कबड्डीपटूंनाही हे हवंच. पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेपावायला असा किती वेळ मिळतो? पण हा घाम गाळून दमण्याचा व्यायाम नव्हे. पाच-सहा उड्या, मग दोन-तीन मिनिटं विश्रांती, आणि हे सगळं अंग ताजं असताना. पोरांना थेट उंच ठोकळ्यावर चढवणं मला साफ नामंजूर आहे. आधी बैठक पक्की हवी, गुडघे आत वळता कामा नयेत. आणि कान द्या: उतरताना ‘धप्’ वाजलं, तर ठोकळ्याची उंची कमी करा.