आयुर्वेद अध्यापनात तंत्रसाहाय्यित मूल्यमापन : उपयोग आणि मर्यादा

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापन अल्पावधीत संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर गेले. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले. परंतु ऑनलाइन चाचणी घेण्याची सवय मागे राहिली. काही पाठ वर्गात व काही ऑनलाइन, अशी मिश्र पद्धतीही आता अपरिचित नाही. या साधनांच्या सोयीविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, अशा चाचणीने नेमके काय तपासले जाते? उद्या ज्याच्या हाती रुग्ण सोपवावयाचा, त्याच्या परीक्षेबाबत हा प्रश्न टाळता येणार नाही.

काय तपासावयाचे?

शास्त्र जाणणारा परंतु कर्मात अकुशल, आणि कर्मकुशल परंतु शास्त्र न जाणणारा, या दोन्ही वैद्यांना सुश्रुताचार्यांनी अपूर्ण मानले आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्यांनी कोहळा, दुध्या, कलिंगड अशा फळांवर छेदनाचा आणि पाणी वा चिखल भरलेल्या चर्मपात्रावर भेदनाचा सराव सांगितला, तो याच हेतूने. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे. साधन निवडण्यापूर्वी आपण यांतील कोणती पायरी तपासत आहोत, हे अध्यापकाने ठरवावे.

साधन कोठे उपयोगी?

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी गूगल फॉर्म, मूडल यांसारखी साधने उत्तम आहेत. दर आठवड्यास दहा प्रश्नांची चाचणी घेतली तरी उत्तरपत्रिका तपासण्याचा भार वाढत नाही आणि विद्यार्थ्यास आपली चूक त्याच दिवशी कळते. शिवाय प्रश्नाचीही परीक्षा होते. समजा, १०० विद्यार्थ्यांपैकी सर्वाधिक गुणांच्या २७ जणांतील २४ आणि सर्वांत कमी गुणांच्या २७ जणांतील ९ जणांनी एका प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले, तर तो प्रश्न अभ्यासू व अनभ्यस्त यांत भेद करतो. दोन्ही गटांची संख्या सारखीच आली, तर तो प्रश्न बदलावा किंवा तो पाठ पुन्हा घ्यावा. हे गणित हाताने करावयास पूर्वी सवड नसे. आता ते काही क्षणांत होते.

मात्र प्रश्न तसे हवेत. ‘गुडूचीचे कुल कोणते?’ याचे उत्तर मोबाईलवर क्षणार्धात सापडते. त्याऐवजी असे विचारावे : सांध्यांत वेदना व शोथ, अंगगौरव, अग्निमांद्य, साम जिव्हा, अशा रुग्णास घरी रोज तेलाने अभ्यंग चालू आहे, तर आपण काय सांगाल? येथे आमावस्थेत स्नेहन थांबवून लंघन, दीपन व वालुकास्वेद यांचा विचार विद्यार्थ्यास करावा लागतो आणि त्याचे कारणही द्यावे लागते. पुस्तक उघडे असले तरी या प्रश्नाचे मोल कमी होत नाही.

तिसऱ्या पायरीसाठी ध्वनिचित्रफितीचा उपयोग होतो. निरूह बस्तीचे द्रव्य सिद्ध करताना मध, सैंधव, स्नेह, कल्क आणि क्वाथ हा क्रम पाळला काय, प्रत्येक वेळी मंथन नीट झाले काय, हे चित्रण थांबवून पुन्हा पाहता येते. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षेप्रमाणे आधीच तपासणी-सूची केली, तर दोन परीक्षकांच्या गुणांतील तफावतही कमी होते.

साधन कोठे थांबते?

नाडीची गती, उदराचा स्पर्श, द्रव्याचा रस व गंध हे पडद्यावरून येत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुडूचीसंबंधी सूचना प्रसृत केली. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच औषधी गुडूची असून तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असा तिचा आशय होता. दोन्हींची पाने लांबून सारखीच भासतात. गाठीगाठींचे खोड हाती घेऊन निरखले, म्हणजे भेद लक्षात येतो. छायाचित्रावरून ‘गुडूची’ असे अचूक लिहिणारा विद्यार्थी वेलीपुढे उभा राहून काय ओळखतो, हे वनौषधी उद्यानातच कळेल. ती परीक्षा तेथेच व्हावी.

काही पथ्ये

खेडेगावातील विद्यार्थ्याचे इंटरनेट तुटणे हा त्याच्या ज्ञानाचा दोष नव्हे. म्हणून आठवड्याच्या चाचणीस किमान एक पूर्ण दिवसाची मुदत असावी. रुग्णाचे चित्रण त्याच्या लेखी संमतीवाचून करू नये व ते मोबाईलवरून इतरत्र जाऊ देऊ नये. कॅमेऱ्याच्या पहाऱ्यापेक्षा पाच मिनिटांच्या मौखिक परीक्षेने नक्कल लवकर उघडी पडते.

यंत्राने अध्यापकाचा उत्तरपत्रिका तपासण्याचा वेळ वाचविला. तो वेळ कोठे जातो, यावर या साधनांचे यश ठरेल, असे आमचे नम्र मत आहे. तो आतुरालयात, विद्यार्थ्याने नाडीवर ठेवलेल्या बोटांशेजारी आपली बोटे ठेवण्यात खर्च झाला, तर उद्याच्या रुग्णाचे हित साधेल. अध्यापक वैद्यबंधुभगिनींनी आगामी सत्राच्या चाचण्या आखताना याचा अवश्य विचार करावा.