पेशीच्या घरातल्या आत्याबाई

परवा बचत गटाच्या बैठकीत आमच्या जाऊबाई वैतागून म्हणाल्या, "डॉक्टर सारखं चाला, चाला म्हणतात. दिवसभर घरात मी काय कमी चालते का? आणि चालून साखर कमी होते ती कशी, हे कुणी सांगेल का?" त्यांना मधुमेह निघून दोन वर्षं झाली. गोळ्या नियमित चालू आहेत, पण फिरायला जाणं आज-उद्यावर. एकटी बाई रस्त्यानं निघाली की 'कुठं निघालात?' म्हणून दहा जण विचारतात, हीही अडचण आहेच.

मी पडले बी.ए. मराठीवाली! उत्तर मिळालं ते बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या भाचीकडून. मैत्रिणींनो, तेच आज तुम्हाला सांगते.

आपल्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो. तो मावतो केंद्रक नावाच्या इवल्याशा खोलीत. रिळाला दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेला भाग पेशीला वाचता येत नाही. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट बसला, की धागा सैल होतो आणि तिथली 'पाककृती' वाचून प्रथिन तयार होतं. या अ‍ॅसिटिलचा संबंध जनुकाच्या कामाशी आहे, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी १९६४ साली मांडलं.

आता यातल्या आत्याबाई म्हणजे एचडॅक-४ आणि एचडॅक-५ ही एन्झाइम्स. सैल झालेली घडी दिसली की साथीदारांच्या मदतीनं अ‍ॅसिटिल काढायचं आणि पुन्हा घट्ट बांधून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्या वाईट नाहीत बरं! त्या नसत्या तर घरभर पसारा झाला असता. पण कधीतरी कपाट उघडावं लागतंच ना?

खरी गंमत इथेच आहे. पेशी आत्याबाईंशी भांडत बसत नाही. त्यांना फक्त खोलीबाहेर नेऊन बसवते! आपण दमानं चालू लागलो की स्नायूंतली ऊर्जा खर्ची पडते. एएमपीके नावाचं एन्झाइम ही चणचण ओळखतं आणि एचडॅक-५ वर फॉस्फेटची टिकली लावतं. टिकली दिसली की १४-३-३ नावाचं प्रथिन हाताला धरून त्यांना केंद्रकाबाहेर ठेवतं. टिकली निघाली की आत्याबाई पुन्हा आत. अशा टिकलीमुळे एचडॅक-५ केंद्रकाबाहेर जातं, हे अमेरिकेत डॅलसच्या एरिक ओल्सन यांच्या गटानं २००० साली स्नायूंच्या पेशींत दाखवलं.

त्या बाहेर गेल्या की ग्लूट-४ ची पाककृती वाचायला मोकळी होते. ग्लूट-४ म्हणजे रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत घेणारं दारच. असलेली दारं तर चालताना लगेच कामाला लागतातच, पण नवीही तयार होऊ लागतात.

ऑस्ट्रेलियातल्या मॅकगी आणि हारग्रीव्ह्ज यांच्या गटानं काही स्वयंसेवकांना ६० मिनिटं सायकल चालवायला लावली. आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा तपासला. व्यायामानंतर केंद्रकातलं एचडॅक-४ आणि ५ कमी झालेलं दिसलं. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे जाऊबाईंच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळालं. ओटा ते देवघर अशा तुटक ये-जा करण्यानं स्नायूंना असा ताण क्वचितच पडतो. थोडी धाप लागेल असं सलग चालायला हवं. आणि आत्याबाई परत येतात, म्हणून एक दिवस चालून भागत नाही, रोजचा नेम हवा. मात्र गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची.

राहता राहिले 'कुठं निघालात?' म्हणणारे. त्यावर तोड म्हणून आम्ही गटातल्या पाचजणी आता एकत्रच निघतो, सकाळी सहाला, तळ्याच्या रस्त्यानं. काल मला उठायला उशीर झाला, तर जाऊबाईच दारात हजर!

"चला, आत्याबाईंना ओसरीवर बसवून येऊ!"