मीटर हुबेहूब, पण काटा?

जुन्या बुलेटच्या स्पीडोमीटरची तबकडी हुबेहूब छापून घेता येते. डोकेदुखी आतल्या यंत्राची. चुंबकी मीटरमध्ये चाकाकडून आलेली केबल चुंबक फिरवते. त्याला न टेकणारा ॲल्युमिनियमचा पेला त्यामागे ओढला जातो, केसाएवढी स्प्रिंग त्याला आवरते आणि काटा तेवढाच वळतो. ओटो शुल्झे यांचे हे पेटंट १९०२चे. ब्रिटिश स्मिथ्सचा जुना ‘क्रोनोमेट्रिक’ मात्र घड्याळाच्या जातीचा. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. चुंबकी नकलेत ती उडी येत नाही, शौकीन तिथेच ओळखतो.

खरी मेख तबकडीवरच्या बारीक आकड्यात. १६०० म्हणजे मैलाला केबलचे १६०० फेरे. किलोमीटरला साधारण ९९४. म्हणून ‘१०००’ लिहिलेला किलोमीटरचा मीटर त्या जागी चालतो, फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. चाक आणि टायर मात्र मूळ मापाचे हवेत.

अंतराची आकडेमोड तपासायला साखरखेर्ड्याहून मेहकरकडे जाताना रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरतात. अंतर जुळले तरी वेग जुळेलच असे नाही, कारण काटा स्प्रिंग आणि चुंबकाच्या जोरावर चालतो. त्यासाठी मोबाईलचे जीपीएस लावा. बघायचे काम मागे बसलेल्याचे.