क्लच का घसरतो? : वाघोलीच्या कोंडीतील एक शोध

संध्याकाळी सातची वेळ. खराडी बायपास मागे टाकून वाघोलीकडे निघालेल्या वाहनांची रांग केसनंद फाट्याच्या दिशेने मुंगीच्या पावलाने सरकत होती. पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक. पुन्हा पहिला गिअर. पाऊण तासाने रस्ता मोकळा झाला. मी तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचे फेरे सरसर वाढले, गाडी मात्र होती त्याच वेगात राहिली. मागून खडीने भरलेला डंपर येत होता. तो हॉर्न वाजवत बाजूने गेला म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी त्याच रस्त्यावर बाणासारखी पळाली. आठ महिन्यांतला हा तिसरा क्लच होता. मूळ क्लच बदलून बाहेरून आणलेला जड क्लच बसवला, तो जळाला. तसाच दुसरा बसवला, आता तोही घसरत होता. हजारो रुपये गेले होते आणि प्रत्येकाचे उत्तर एकच होते : 'याहून तगडा टाका.' हे उत्तर चुकीचे का होते, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ताकदवान गाड्यांचे वेड या रस्त्याला नवे नाही. वाघोलीवरून जाणारा हाच नगर रस्ता पुढे रांजणगावला पोहोचतो. तिथल्या फियाटच्या कारखान्यात तयार झालेली अबार्थ पुंटो २०१५ साली बाजारात आली. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर टॉर्क. छोट्या हॅचबॅकसाठी ही ताकद भारी होती. अशा टर्बो गाड्या आज जुन्या बाजारात मिळतात, हौशी मंडळी घेतात आणि इंजिनचे संगणकीय ट्यूनिंग बदलून टॉर्क आणखी वाढवतात. वाढीव टॉर्कचा भार सर्वांत आधी क्लचवर येतो.

क्लचचे गणित

क्लच म्हणजे दोन लोखंडी तव्यांमध्ये दाबून धरलेली घर्षणाची चकती. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, मध्ये क्लचप्लेट. ती किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : घर्षण गुणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, म्हणजे दोन.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. गुणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ९ सेंटीमीटर. गुणाकार येतो २७० न्यूटन-मीटर. इंजिन २१२ देत असेल तर क्लच निवांत आहे. ट्यूनिंगनंतर इंजिन २८० देऊ लागले की तोच क्लच घसरणार. म्हणून जड प्रेशर प्लेट घेतात. दाब ६,५०० न्यूटन झाला की क्षमता ३५१ वर जाते. कागदावर प्रश्न सुटला.

उष्णतेचा हिशेब

कागदावर नसते ती कोंडी. चालकासह १,३०० किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी १० किलोमीटर वेगाला आणायची तर सुमारे ५ किलोज्यूल गतिज ऊर्जा लागते. साधारण तेवढीच ऊर्जा क्लच घसरत जुळताना उष्णता होऊन वाया जाते. कोंडीत अशी उचल शंभर वेळा झाली तर ५०० किलोज्यूल. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून १० किलो लोखंड धरले आणि वाऱ्याने काहीच थंडावा दिला नाही असे मानले, तर तापमान सुमारे १०८ अंशांनी चढते. शिवाय हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल तर उष्णता किती तरी जास्त. साधे सेंद्रिय अस्तर फार तापले की गुणांक घसरतो. तो ०.३ वरून ०.२ झाला तर २७० चे १८० उरतात. शर्यतीसाठीची सिरॅमिक चकती उष्णता सोसते, पण ती झटक्याने पकडते. रोजच्या रांगेत गाडी थरथरते आणि गिअरबॉक्सलाही धक्के बसतात.

लक्षण आधी, पार्ट नंतर

नवा क्लच बिघडला की दोष चकतीवर टाकला जातो. खरे कारण अनेकदा शेजारी असते. म्हणून लक्षणे वेगळी करावीत.

थंड असतानाही घसरत असेल तर आधी तेल पाहावे. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचे सील गळत असेल तर तेलाने माखलेली चकती कितीही महाग असली तरी धरणार नाही.

उचलताना गाडी थरथरत असेल तर फ्लायव्हील पाहावे. त्यावर निळसर जळके डाग असताना लेथवर फेस न मारता नवी चकती बसवली, किंवा पहिले काहीशे किलोमीटर सौम्यपणे चालवून ती बसू दिली नाही, तर हे होते. इंजिनचे माउंटिंग फाटले असले तरी लक्षण हेच.

गिअर पडताना, विशेषतः रिव्हर्सला, करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिकमध्ये हवा, अपुरा स्ट्रोक किंवा उलटी बसवलेली चकती, अशी कारणे असू शकतात.

आणि सकाळी ठीक, कोंडीनंतर घसरण, असे असेल तर? हीच माझी तक्रार होती. तापलेल्या अस्तराचा संशय रास्त, पण तो एकमेव नाही.

निपल उघडल्यावर

वाघोलीतल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला वेगळे सांगितले. "साहेब, गिअरबॉक्स खाली उतरवू नका. गाडी गरम असताना घेऊन या."

मी कोंडीतूनच गेलो. त्यांनी स्लेव्ह सिलिंडरचे निपल जरासे सैल केले. पेडलला कोणी हात-पाय लावला नव्हता, तरी तेलाची चिळकांडी उडाली. निपल आवळून आम्ही गाडी रस्त्यावर काढली. घसरण गायब!

कारण सरळ होते. पेडल सोडलेले असताना मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येतो आणि एक बारीक छिद्र उघडते. गरम होऊन फुगलेले तेल त्यातून टाकीत परतते. जड क्लच बसवताना माझ्या गाडीला ॲडजस्टेबल रॉडचा मास्टर सिलिंडर लावला होता आणि रॉड थोडा लांब ठेवला होता. पिस्टन मागे येईना, छिद्र बंदच राही. कोंडीत तेल फुगे, त्याला वाट मिळेना, मग ते रिलीज बेअरिंगला ढकलत राही. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला. अशाने दाब ६,५०० वरून ३,९०० न्यूटनवर आला तर क्षमता २१० उरते. क्लच घसरला की उष्णता वाढते, उष्णतेने तेल आणखी फुगते. रात्रभर थंड झाले की सारे पूर्ववत.

मिस्त्रींनी रॉड मागे घेतला, पेडलला काही मिलिमीटरचा मोकळा खेळ ठेवला, लॉकनट आवळला. काम पंधरा मिनिटांचे. आधीच्या दोन क्लचचा मात्र हकनाक बळी गेला होता. कदाचित पहिला मूळ क्लचच काय तो खऱ्या अर्थाने अपुरा होता.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी पेडलचा मोकळा खेळ, मग तेलाची पातळी व गळती, मग गरम अवस्थेत निपलची परीक्षा. या सगळ्यानंतरच गिअरबॉक्स उतरवावा. निपल उघडताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि तेल रंगावर सांडू देऊ नये, ते रंग खाते.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण संध्याकाळची रांग तशीच आहे. माझी गाडीही आता त्याच रांगेत उभी असते. फरक एवढाच, की रस्ता मोकळा झाला की ती डंपरच्या पुढे निघून जाते.