तसबिरीची पाठ : लघु फ्रेम-व्यवसायातील हस्तकौशल्य, हिशेब आणि कागदाचे आयुष्य

प्रस्तावना

तसबीर हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ केवळ चित्र असा आहे. मराठी व्यवहारात मात्र चित्र, काच आणि चौकट मिळून जी वस्तू सिद्ध होते तिलाच तसबीर म्हणण्याचा प्रघात पडला. चौकटीत बसल्याशिवाय चित्राला भिंतीवर स्थान नाही, हे या अर्थांतरातून सूचित होते. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना सुरू झाला. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. त्यानंतर देवादिकांची व थोर पुरुषांची रंगीत चित्रे सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली आणि ती काचेआड बसवून देणाऱ्या कारागिराची गरज गावोगाव निर्माण झाली. पुढे छायाचित्रे, प्रमाणपत्रे व मानपत्रे यांची त्यात भर पडली.

या व्यवसायाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ग्राहक फ्रेम समोरून पाहतो. पट्टीचा रंग, कोपऱ्याचा सांधा आणि काचेची स्वच्छता यांवरून काम चांगले की वाईट ते ठरवतो. आतील कागद दहा वर्षे टिकणार की शंभर, हे मात्र काचेच्या मागे व पाठीच्या बाजूला ठरत असते; तेथे ग्राहक पाहत नाही आणि म्हणून तेथील कामाचे मोलही देत नाही. प्रस्तुत लेखात लहान फ्रेम-दुकानातील तंत्र आणि त्यामागील हिशेब यांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे. महाविद्यालयांच्या भिंतींवर संस्थापकांच्या तसबिरी व जुनी समूहछायाचित्रे असतात, त्यामुळे हा विषय शिक्षकवर्गालाही अगदी परका नाही.

व्यवसायाचे स्वरूप

तालुक्याच्या गावातील फ्रेमचे दुकान बहुधा एका कुटुंबाचे असते. दर्शनी भागात तयार तसबिरी, आरसे व स्मृतिचिन्हे मांडलेली असतात. आतील अरुंद जागेत पट्ट्यांचे गठ्ठे, काचेचे तक्ते, कापणीचे टेबल आणि भुसा. तयार मालावर दुकान रोज चालते, परंतु कारागिराची ओळख मागणीनुसार केलेल्या कामावरच टिकते.

या मागणीला स्वतःचे पंचांग आहे. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, दिवाळी आणि लग्नसराई हे ठरलेले हंगाम होत. त्याखेरीज मे महिन्याचा अखेरचा आठवडा विसरता येत नाही. शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख एक जून अशी लिहिली गेली, त्यामुळे ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि तितकीच मानपत्रे एकाच वेळी दुकानात येतात. याउलट मृत व्यक्तीच्या छायाचित्राचे काम वेळ पाहून येत नाही. ते दहाव्या-तेराव्याच्या आत हवे असते. आणलेला फोटो पुष्कळदा त्या व्यक्तीचा एकमेव फोटो असतो. सर्वांत मौल्यवान कागद सर्वांत घाईने हाताळला जावा, ही या व्यवसायातील मोठी विसंगती होय.

शासकीय वर्गीकरणातही या कारागिराला स्वतःचा रकाना मिळालेला नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आहे, फुलांच्या माळा करणारा आहे. तसबीर बांधणारा स्वतंत्रपणे नाही.

पट्टी, मोजमाप आणि कोपरा

पूर्वी सागवान, शिसवी अशा लाकडाची पट्टी सुतार रंधून देत असे. आता कृत्रिम पट्टीचे प्राबल्य आहे. ही पट्टी मुख्यतः पॉलिस्टायरीनपासून बनते; तिला वाळवी लागत नाही, ती हलकी असते आणि तिच्यावर सोनेरी नक्षी आयती छापून येते. मात्र तिचा गाभा फेसाळ असल्याने स्क्रू घट्ट धरत नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरते. म्हणजे २ फूट × ३ फूट आकाराच्या तसबिरीत नुसती काच पावणेतीन किलोंच्या आसपास होते. एवढे वजन अरुंद कृत्रिम पट्टीच्या चार सांध्यांवर सोपवणे धोक्याचे असते आणि जाणता कारागीर अशा वेळी लाकडी पट्टीच सुचवतो.

पट्टीच्या आतल्या कडेला काच, चित्र आणि पाठ बसण्यासाठी खाच असते. मोजमाप या खाचेपासून सुरू होते. समजा, चित्र १२ × १८ इंच आहे, पट्टी १ इंच रुंद आहे आणि खाच पाव इंचाची आहे. पट्टीचा पाऊण इंच भाग प्रत्येक बाजूस खाचेबाहेर राहतो. म्हणून प्रत्येक तुकडा चित्राच्या बाजूपेक्षा दीड इंचाने लांब कापावा लागतो. साडेतेरा इंचाचे दोन आणि साडेएकोणीस इंचाचे दोन असे तुकडे मिळून ६६ इंच पट्टी लागते. पट्टी दहा फुटांची, म्हणजे १२० इंचांची असेल तर ५४ इंच उरतात. त्यांत त्याच मापाची दुसरी तसबीर होत नाही. पण ८ × १० इंचाची होते, कारण तिला ४२ इंच पुरतात. मग शेवटी फूटभर तुकडाच काय तो वाया जातो. आलेली कामे कोणत्या जोडीने कापावीत हे ज्याला कळते त्याचा नफा तेथेच राहतो. ज्याला कळत नाही त्याच्या दुकानात तुकड्यांची रास वाढत जाते.

चार कोपऱ्यांना मिळून आठ काट लागतात आणि प्रत्येक काट ४५ अंशांचा हवा. प्रत्येक काटात अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली तर तीन कोपरे दाबून जुळवता येतात, पण सारी चूक साचून चौथ्या कोपऱ्यात ४ अंशांची फट उघडते. समोरासमोरच्या बाजू तंतोतंत सारख्या असणेही तितकेच आवश्यक असते. म्हणून मुरलेला कारागीर दुसरा तुकडा फूटपट्टीने मोजत नाही. पहिल्याला पाठीला पाठ लावून मापतो. सांध्याला गोंद लावून तो शिकंज्यात आवळतात आणि मागून व्ही आकाराच्या पत्र्याच्या खिळ्या ठोकतात. शेवटी दोन्ही कर्ण मोजले जातात. ते समान भरले की चौकट काटकोनात आली असे समजावे. रंगीत मेणाने भरलेली फट नवेपणी दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर दिसू लागते.

काच कापण्याच्या अवजाराला मराठीत हिरकणी म्हणतात. खऱ्या हिऱ्याच्या टोकाची जागा आता कठीण धातूच्या चाकाने घेतली असली तरी नाव राहिले आहे. रेघ एकदाच, एकसारख्या दाबाने ओढायची असते. तीच रेघ दुसऱ्यांदा गिरवली की काच भलतीकडे फुटते. काच खाचेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर लहान ठेवतात, कारण घट्ट बसलेली काच लाकूड फुगताच तडकते.

काच आणि कागद यांतील अंतर

येथपर्यंतचे कौशल्य ग्राहकाला दिसते. यापुढचे दिसत नाही.

छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगतो, मऊ व चिकट होतो. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. काचेच्या आतल्या बाजूस दव धरते आणि छायाचित्र काचेला टेकलेले असेल तर ते तिला चिकटते. एकदा चिकटलेले छायाचित्र ओढून काढताना चेहऱ्याचा भाग काचेवरच राहतो. आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांपेक्षा अधिक राहिली तर बुरशीही धरते. यावर उपाय एकच : काच आणि कागद यांत मोकळी जागा ठेवणे.

ही जागा ठेवण्याचे सर्वमान्य साधन म्हणजे माउंट, अर्थात खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. परंतु त्याचा खर्च पुठ्ठ्यापुरता नसतो. वरील १२ × १८ इंचाच्या चित्राला चारी बाजूंनी दोन इंच माउंट दिला तर माप १६ × २२ इंच होते. पट्टी ६६ वरून ८२ इंचांवर, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांनी वाढते. काच २१६ वरून ३५२ चौरस इंचांवर जाते; ही वाढ ६३ टक्के होय. पट्टीचा भाव धावत्या फुटाला आणि काचेचा चौरस फुटाला असल्याने बिल एकदम फुगते. ग्राहक माउंट नाकारतो तो बहुतेक वेळा आवडीनिवडीमुळे नव्हे, या आकड्यांमुळे.

याला एक स्वस्त पर्याय आहे आणि तो दुर्दैवाने फार थोड्या दुकानांत वापरला जातो. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची बारीक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काचेच्या कडेने, खाचेच्या ओठाआड बसवली की चित्र काचेपासून दूर राहते. तसबिरीचे माप मुळीच वाढत नाही. अडचण एवढीच की काच, अंतरपट्टी, चित्र आणि पाठ मिळून खाच आठ-नऊ मिलिमीटर खोल लागते, आणि स्वस्त पट्टीत तेवढी खोली नसते. मोठ्या आकाराचा कागद मध्यभागी फुगून काचेला टेकू शकतो, त्याला मात्र माउंटच हवा.

साधी काच दृश्य प्रकाशासह बराचसा अतिनील किरणही आत सोडते. विशेष लेपाची काच तो अडवते, पण ती महाग असते. लहान गावात याहून सोपा उपाय जागेची निवड हा आहे. कागदावरील नाजूक कलाकृतींसाठी संग्रहालये ५० लक्स प्रकाशाची मर्यादा पाळतात. थेट उन्हात तो लाखाच्या घरात असतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर मानपत्र लावून उत्तम काचेची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

पाठ आणि चिकटद्रव्ये

तसबिरीची पाठ बहुधा हार्डबोर्डाची असते. हार्डबोर्ड व स्वस्त करडा पुठ्ठा यांत लाकडातील लिग्निन राहिलेले असते. त्यांतून निघणारी आम्ले कागदात उतरतात. जुनी फ्रेम उघडल्यावर कागदावर जे तपकिरी पट्टे दिसतात त्यांचे कारण हेच. स्वस्त माउंटच्या खिडकीची कड काही वर्षांत पिवळी पडते आणि तिच्याखालचा कागदही तेथे करपतो. आम्लरहित, कॅल्शियम कार्बोनेटयुक्त कागदाचा एक ताव चित्र आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये घातला तरी हे नुकसान पुष्कळ लांबते. सबंध पाठ बदलण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

त्याहून गंभीर प्रश्न चिकटवण्याचा. चित्र सपाट दिसावे म्हणून ते पूर्णपणे पुठ्ठ्यावर चिकटवण्याची पद्धत रूढ आहे. लाकडासाठी बनवलेला पांढरा कृत्रिम गोंद वाळल्यावर कागदापासून सुटत नाही. चिकटपट्टीचा थर कालांतराने तेलकट होऊन आरपार डाग पाडतो. पूर्वी खळीत मोरचूद घालत. त्याने कसर दूर राही हे खरे. परंतु त्यातील तांबे कागदाचे तंतू कमजोर होण्याची क्रिया वेगाने घडवते. संवर्धनशास्त्राने मान्य केलेली रीत साधी आहे : गव्हाच्या स्टार्चची ताजी खळ आणि लांब तंतूंचा जपानी कागद घेऊन चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगावे. छायाचित्राला तेवढेही नको. कागदाचे चार त्रिकोणी खिसे कोपऱ्यांना पुरतात. कागदाला आर्द्रतेनुसार फुगण्या-आकसण्याची मोकळीक हवी. ती मिळाली नाही तर तो सुरकुततो किंवा फाटतो.

पाठीच्या कडा खाकी कागदाने बंद केल्या की धूळ, झुरळे व कसर यांना अटकाव होतो. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले तर ओलसर भिंत आणि तसबीर यांत हवा खेळते. जुन्या घरांत तसबिरी उंचावर, पुढे झुकवून टांगलेल्या असत. त्यात दर्शनाची सोय होतीच, पण पाठीमागे हवा राहण्याचीही सोय आपोआप होत होती.

दरपत्रक आणि महाविद्यालये

वर सांगितलेल्या गोष्टी कारागिराला अवघड नाहीत. त्या केल्या जात नाहीत, कारण ग्राहक दोन दुकानांतील दर विचारतो आणि कमी दराकडे जातो. संस्थात्मक खरेदीत हीच प्रवृत्ती नियमाचे रूप घेते. तीन दरपत्रके मागवली जातात. त्यांत आकार आणि पट्टीची रुंदी नमूद असते, आतील रचनेविषयी एक शब्द नसतो. मग अंतरपट्टी व आम्लरहित ताव घालणारा प्रामाणिक कारागीर साहजिकच महाग ठरतो आणि काम हातचे जाते. मागणीपत्रात खाचेची खोली, काचेपासूनचे अंतर, मधला ताव आणि चिकटवण्याची पद्धत या चार बाबी लिहिल्या तर तिन्ही दरपत्रके एकाच कामाची होतील. आज ती तशी नसतात.

महाविद्यालयांतील जुन्या समूहछायाचित्रांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. स्नेहसंमेलनाच्या किंवा निरोपसमारंभाच्या अशा छायाचित्रांखाली पुठ्ठ्यावर रांगेनुसार नावे छापलेली असतात. मागे स्टुडिओचा शिक्का व हस्ताक्षरातील नोंदी सापडतात. फ्रेम बदलताना ठिसूळ झालेला पुठ्ठा कापून नवीन मापात बसवला की नावांची ओळ जाते आणि चेहरे अनामिक होतात. जुन्या शिळाछाप चित्रांच्या समासाचेही असेच झाले आहे. छापखान्याचे नाव त्या समासातच असे.

सबब फ्रेम उघडण्यापूर्वी ती काचेसह समोरून छायाचित्रित करावी आणि उघडल्यावर पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू टिपून घ्याव्यात. छायाचित्र काचेला चिकटलेले आढळल्यास पाणी, वाफ किंवा पाते यांचा प्रयोग करू नये. काच व छायाचित्र एकत्रच ठेवून, काचेतूनच उच्च दर्जाची प्रत काढावी, ती प्रत नव्या फ्रेममध्ये लावावी, आणि मूळ वस्तू काचेसह सपाट पेटीत, कोरड्या कपाटात ठेवून द्यावी.